निळ्या पेन्सिलीचा ओढा

म्हाकू आबा माणसं मेंढरांसारखी मोजत. यात अपमान काही नव्हता. मेंढरं ते फार काळजीनं मोजत.

चावडीच्या दारात येऊन उभे राहायचे, खांद्यावरची घोंगडी सारखी करायचे, आत एकदाच डावीकडून उजवीकडे नजर फिरवायचे आणि आकडा सांगायचे. मोजणी विसांत. सदुसष्ट माणसं असली तर "तीन ईस आन सात." तरुणपणी साताठशे मेंढरं रोज जाळीच्या तोंडातून आत घेतलेली, ती सवय मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली तरी डोळ्यांतून गेली नव्हती. लग्नात अक्षता पडायच्या आधी आबांना वऱ्हाड किती ते ठाऊक असायचं. एकदा पंगत उठताना यजमानाला बाजूला घेऊन म्हणाले, "धा ईस आन चार जेवली. त्यातली तिगं दोनदा बसली, पर ती तुझ्याच भावकीतली हायती, बोलू नगं."

एका ग्रामसभेत ग्रामसेवकांनी हजेरीपुस्तकात एकशे दहा उपस्थित लिहिले. आबा दारातून म्हणाले, "दोन ईस आन तीन."

"आबा, नीट बघा."

आबांनी पुन्हा पाहिलं. "चुकलं माझं. दोन ईस आन दोन. त्यो टेबलाखाली बसल्याला कुत्रा हाय."

मी त्या गावात तलाठी होतो. गावाचं नाव सांगत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरचं गाव, एवढंच. बारामतीकरांनी ते इंदापुरात आहे असं समजावं आणि इंदापूरकरांनी बारामतीत, म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही. मी मुळात बोलका माणूस नाही. हे लिहायला बसेपर्यंत नोकरी संपत आली, यावरून काय ते समजावं.

गाव तीन तुकड्यांत होतं. मधे गावठाण. खाली पाटाच्या पाण्यावरची बागायत, तिथे ऊस, द्राक्षं, भाजीपाला. आणि वर माळ. माळावर धनगरांची वस्ती. पूर्वी मेंढरं, आता थोडी बाजरी, थोडी हुलगी, कुणी कारखान्यावर, कुणी ट्रॅक्टरवर. गावची पाण्याची पाइपलाइन गावठाणाच्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबली होती. तिथून माळ दिसायचा, पण पाइपाला तो कधी दिसला नाही. ग्रामपंचायतीत माळाचा एकही सभासद आजवर झालेला नव्हता, म्हणून पाइप का थांबला हे विचारणारंही कुणी नव्हतं. म्हाकू आबांचं सगळं राजकारण एवढंच होतं. "आमचा एक मानूस त्या टेबलापशी बसूं द्या. खुर्ची नगं, सतरंजीवर बसंल. पर मोजल्याला आसूं द्या."

मोजल्याला का, तर शेवटच्या जनगणनेला प्रगणक माळावर आले तेव्हा अर्धा माळ मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात गेलेला होता. प्रगणकांनी घरांना कुलपं पाहिली आणि लिहून टाकलं. आबांना हे फार लागलं होतं. "मेंढरं बी संध्याकाळी मोजत्यात," ते म्हणत, "घरी आल्यावर. सकाळी चरायला गेल्यावर कोन मोजतंय?"

तरीसुद्धा कागदावर माळ एका वॉर्डापुरता भरत होता. आणि हीच सरपंचांची अडचण होती.

त्या वर्षी निवडणुकीआधी वॉर्ड नव्यानं पाडायचे होते. नकाशा तलाठ्यानं काढायचा, तहसीलदारांनी तपासायचा, चावडीवर लावायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि मग कायम करायचा, अशी रीत. वॉर्डाची हद्द रस्ता, ओढा, नाला अशा नैसर्गिक खुणेवरून न्यायची, हा नियम. सरपंचांनी, म्हणजे नानांनी, मला द्राक्षं खायला मळ्यात बोलावलं.

"भाऊसाब," नाना घड तोडत म्हणाले, "त्यो वढा कुठनं जातो हो माळावर?"

"माळाच्या पलीकडून, नाना. वळसा घालून."

"आसं व्हय? मला वाटलं मधनं जातो." एक द्राक्ष त्यांनी उन्हात धरून पाहिलं. "मधनं गेला आसता तर बरं झालं आसतं. वैनी बारामतीलाच का आजून?"

"हो. शाळा तिथं आहे तिची."

"हाल हुत्यात हो तुमचं. बदलीचं बघितलं पायजे."

बास. एवढंच बोलणं. नंतर कुणी विचारलं असतं तर नानांनी मला काही सांगितलं होतं असं मला शपथेवरही म्हणता आलं नसतं. मी खोलीवर आलो, गावनकाशाची ट्रेसिंग पसरली, निळ्या पेन्सिलीला टोक काढलं आणि माळाच्या पलीकडून वळसा घालणारा ओढा उचलून माळाच्या मधून सोडला. दोन मिनिटांचं काम. अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट वळण जरा झोकदार आलं म्हणून बरं वाटलं. ओढ्याच्या अलीकडचा माळ गावठाणाच्या वॉर्डात, पलीकडचा बागायतीच्या वॉर्डात. तिसरा वॉर्ड नानांच्या भावकीच्या आळीचा. माळाची मतं आता दोन्हीकडे पाहुण्यासारखी.

ओढा नेमका कुणाच्या घरावरून गेला हे मी पाहिलंच नव्हतं. तो म्हाकू आबांच्या अंगणातून गेला होता. अलीकडे त्यांची ओसरी, पलीकडे मुलाचं घर आणि सुनेची चूल. बाप वॉर्ड एकमध्ये, मुलगा आणि सून वॉर्ड दोनमध्ये.

नकाशा चावडीवर लागला त्या दिवशी आबा आले. वाचता येत नव्हतं, पण नकाशापुढे उभे राहून त्यांनी मारुतीचं देऊळ शोधलं, तिथून बोटानं चढ चढत माळावर गेले आणि थांबले.

"भाऊसाब, ही निळी रेघ कसली?"

"ओढा, आबा."

आबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खातेपुस्तकात काहीतरी शोधू लागलो.

दुपारी चावडीत कुणी नसताना ते पुन्हा आले. घोंगडी अंथरून खालीच बसले आणि हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले, "चुकलंय बरं का तुमच्याकडनं. हुतंय. नवी नोकरी हाय, माळ तुमी पायानं बघितला न्हाय. आता तालुक्याच्या रावसाहेबाकडं हरकत तर घ्यावी लागंल. पर तुमची चूक हाय आसं म्या म्हनायचा न्हाय. नोकरीवर गदा यायची. आपन दुसरं कायतरी ल्हू."

"कोण लिहून देणार?"

"तुमी. मला कुठं येतंय? आन तुमचं अक्षर रावसाहेबाच्या वळकीचं."

अशा रीतीनं माझ्या नकाशावरची एकमेव हरकत माझ्याच अक्षरात लिहिली गेली. आबा सांगत होते, मी लिहीत होतो. तिचा मजकूर मला पाठ आहे. 'आमच्या अंगणात ओढा आला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. ओढा आला तो बरा आला, माळाला पाणी नव्हतेच. परंतु नकाशात आहे ते पाणी जागेवर दिसत नाही. तरी साहेबांनी स्वतः येऊन ते कुठे आहे ते दाखवावे, ही विनंती.' खाली आबांचा अंगठा. अंगठा उठवताना म्हणाले, "तुमचं नाव कुठं आलं न्हाय न्हवं? मग झालं."

तहसीलदार हौशी होते. हरकत वाचून त्यांना हसू आलं आणि ते जीप घेऊन खरंच माळावर आले. नाना आले, ग्रामसेवक आले, नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन मी आलो. आबांच्या अंगणात पोचलो तर मधोमध, अगदी माझ्या निळ्या रेघेवर, आबांची सून हौसाबाई आणि माळावरच्या सातआठ बाया धुणं घेऊन बसल्या होत्या. कोरड्या फुफाट्यात दगड मांडलेले, कोरडी लुगडी त्यावर आपटणं चाललेलं. प्रत्येक आपटीला धूळ उडत होती.

"हे काय चाललंय?" तहसीलदार म्हणाले.

"धुनं, रावसाहेब," हौसाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "वढा दारात आलाय म्हनं. म्हटलं, आता गावठाणापतूर कशाला तंगडतोड करायची?"

"पाणी कुठंय?"

"आवो, तेच तर इचाराय तुमाला बलावलंय. आमी सकाळधरनं धुतोय, कापडं काय भिजंनात."

तहसीलदार पुढे पाऊल टाकणार तोच आबांनी दंडाला धरलं. "रावसाहेब, वहाणा काढा. पाय भिजत्याल."

तहसीलदार मोठ्यानं हसले. नानांनीही हसल्यासारखं केलं. मग हसू आवरून तहसीलदारांनी नकाशा मागितला, झाडं पाहिली, दिशा पाहिली, आणि माझ्याकडे वळले. "काय हो भाऊसाहेब, ओढा इथं आहे का?"

लुगडी आपटायची थांबली.

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं. 'चुकलं' म्हटलं असतं तर फार तर एखादी नोटीस आली असती. आबांनी माझ्यासाठी तेवढी वाट अगदी झाडून ठेवली होती. पण नाना समोर उभे होते आणि बारामतीची बदली त्यांच्या हातात होती. मी म्हणालो, "साहेब, जुनं पात्र आहे इथं. पूर्वी ओढा इथूनच वाहायचा. जुन्या खुणेप्रमाणे घेतलाय."

तहसीलदारांनी आबांकडे पाहिलं. "काय आबा? होता का इथं ओढा पूर्वी?"

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. कळपात आपल्या खुणेचं नसलेलं मेंढरू दिसल्यावर ते असं पाहत असावेत. मग त्यांनी घोंगडी सारखी केली.

"आसंल, रावसाहेब. भाऊसाब शिकल्यालं हायती, ते म्हनत्यात म्हंजे आसंल. म्या हितंच जल्मलो, हितंच मेंढरं बसिवली, साठ वरसं झाली. पर वढ्याकडं कधी ध्यानच गेलं न्हाय बगा."

जीपपर्यंत जाताना तहसीलदार म्हणाले, "गोड म्हातारा आहे." नकाशा कायम झाला. निवडणूक झाली. माळाचा माणूस दोन्हीकडे पडला. पाइप जिथे होता तिथेच राहिला.

पुढली पाच वर्षं म्हाकू आबांनी माझा ओढा मानला. ओसरीवरून जेवायला मुलाच्या घरी जाताना अंगणाच्या मधोमध थांबायचे, धोतर गुडघ्यापर्यंत उचलायचे, चार पावलं जपून टाकायचे, पलीकडे गेल्यावर धोतर सोडून पाय झटकायचे. रोज दोनदा. चुलीपाशी बसलेल्या हौसाबाईही कमी नव्हत्या. "मामंजी, आलं का पानी? न्हायतर ताट तिकडं सोडते व्हावत."

"वसरलंय जरा. येतो."

बघताबघता साऱ्या माळाला ती खोड लागली. अंगणातून जाणारा प्रत्येकजण त्या जागी धोतर, लेंगा, लुगडं जे काय असेल ते वर धरायचा. नव्या पोस्टमननं एकदा कारण विचारलं, तर आबा म्हणाले, "सरकारी वढा हाय. दिसत न्हाय, पर कागदावर भरून व्हातोय." तेव्हापासून पोस्टमन माळाची पत्रं देताना सायकल उचलून नेऊ लागला, चेष्टा होती की भीती, कोण जाणे. मी शेतसाऱ्यासाठी गेलो की आबा लांबूनच ओरडायचे, "भाऊसाब, जपून हं! तुमाला पवाय येतंय का?" मी हसायचो. दुसरं काय करणार? आणि पँट मात्र कधी वर घेतली नाही. घेतली असती तर ओढा माझा आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

खरा ओढा दुसरीकडे होता, तोही कोरडाच. म्हणून हौसाबाई गावठाणातून पाणी आणत, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. आबा ओसरीवर बसून मोजत. वीस हंडे झाले की एक खडा ओसरीच्या कोपऱ्यात टाकत. पहिल्या वर्षी मला तो खड्यांचा ढीग दिसला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला करमत नसेल.

माझी बदली नानांनी केली नाही. चार वर्षांनी ती नियमाप्रमाणे आपोआप झाली, आणि तीही तालुक्याच्या कचेरीत, ग्रामपंचायत निवडणुकीच्याच टेबलावर. पुढच्या खेपेला त्या गावचा वॉर्डांचा नकाशा माझ्यापुढे आला. नवीन तलाठ्यानं जुना नकाशा ट्रेस केला होता. माझं झोकदार वळण जसंच्या तसं. सोबत एकच हरकत. या वेळी शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात: 'ओढा अद्याप कोरडाच आहे. पाच वर्षे वाट पाहिली.'

मी टिपणी लिहिली. 'मागील नकाशात ओढ्याचे स्थान चुकीचे दर्शविले गेले आहे. प्रत्यक्ष पाहणीनुसार दुरुस्त करण्यात यावे.' कुणी दर्शविलं, ते टिपणीत कुठेच नाही. महसूल खात्यात अशी वाक्यं पहिल्याच महिन्यात शिकवतात. ओढा माळाच्या पलीकडे आपल्या जागी गेला, माळाचा अख्खा वॉर्ड झाला. चिठ्ठीत तिथली एक जागा बायकांसाठी निघाली आणि हौसाबाई बिनविरोध सभासद झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी पाइपचा विषय काढला, आणि विषय पत्रिकेवर नाही असं ग्रामसेवक म्हणाले, तेव्हा म्हणे त्यांनी रिकामा हंडा टेबलावर ठेवला. "मग ह्यो घ्या पत्रिकंवर."

निकालानंतर आबा पेढे घेऊन कचेरीत आले. दारात उभं राहून आधी कचेरी मोजली. "एक ईस. निम्मी च्याला गेल्यात." मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुमीच निस्तारलंत. चुकल्यालं मानसानं आपल्या हातानं निस्तारावं, लई बरं आसतं."

तो पेढा मी कागदात गुंडाळून खणात ठेवला. मारलं असतं तर सोसलं असतं. चूक म्हणून माफ केलेलं सोसवत नव्हतं.

आठनऊ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी एसटीनं गावात उतरलो आणि चालत माळावर गेलो. आबा ओसरीवर होते. डोळे अधू झाले होते, तरी पावलांवरून म्हणाले, "एकलंच आलाय. बसा."

नळाला पाणी आलं होतं. अंगणाच्या पलीकडे हौसाबाई कळशी भरत होत्या. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग जसं जमलं तसं सांगितलं. चुकून नव्हता काढला, आबा. मला माहीत होतं. नानांची द्राक्षं, बदली, जुनं पात्र, सगळं. सांगताना मी खाली बघत होतो. वर बघितलं तर आबा कोपऱ्यातल्या खड्यांच्या ढिगाकडे बघत होते. ढीग गुडघाभर उंच झाला होता.

"ठाव हुतं," आबा म्हणाले.

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. तुमी मान खाली घातली न्हवं का, म्या रेघ इचारल्यावर? चुकल्यालं मेंढरू मान वर करून बघतं. चोरून खाल्ल्यालंच खाली घालतं."

"मग चूक म्हणून का सोडलंत मला?"

"तुमी चूक म्हनून तरी सुधाराल, म्हनून. चोर म्हटलं आसतं तर नानाच्या मळ्यातनं तुमी भायेरच आला नसता." मग ढिगाकडे बोट करून म्हणाले, "पर धा मिनिटं झाली, हे समदं मला कशापायी सांगताय? म्या काय केलं? हितं बसून खडं टाकलं. हंडं तिनं व्हायल्यात. तिला सांगा."

पलीकडून हौसाबाईंनी हाक दिली, "भाऊसाब, च्या टाकलाय, या की हिकडं!"

मी उठलो. अंगणाच्या मधोमध पोचलो, तेव्हा चपला काढून हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा ओढा ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हौसाबाई खळखळून हसल्या. "अगं बया! भाऊसाबबी शिकलं की!"

मी चुलीपाशी बसलो. चहा प्यालो. पाणी किती वेळ येतं, दाब कसा आहे, हे विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, नळाची तोटीसुद्धा उघडून दाखवली. आणि मी ओढा ओलांडून परत आलो.

त्यानंतर वर्षभरात आबा गेले. हौसाबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाचता येतं; सभासद झाल्यावर शिकल्या. हे लिहिलं आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि यावेळी वाक्यावाक्यात कुणी केलं ते लिहिलं आहे.

त्या रविवारी मी निघालो, तेव्हा माळाच्या उतारावर येऊन मागे पाहिलं. जेवायची वेळ झाली होती. आबा काठी टेकत ओसरीवरून उतरले आणि अंगणातून पलीकडे निघाले. मधोमध थांबले नाहीत, धोतराला हात लावला नाही. सरळ, साध्या जमिनीवरून चालावं तसे चालत गेले. त्यांच्या मागोमाग हौसाबाई ओसरीवरचा रिकामा तांब्या घेऊन परत येत होत्या. मधोमध आल्यावर त्यांनी डाव्या हातानं लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि जपून पाऊल टाकलं.